खवटपणा, सादळ आणि वनस्पतिजन्य वेष्टन

दिवाळीचा फराळ संपत आला की डब्याच्या तळाशी उरलेल्या चिवड्याला दोहोंपैकी एक दोष जडलेला आढळतो. एक तर तो सादळलेला असतो, म्हणजे त्याचा कुरकुरीतपणा गेलेला असतो. नाहीतर तो खवट झालेला असतो, म्हणजे त्याला जुन्या तेलाचा वास येऊ लागलेला असतो. आपल्या भाषेने या दोन दोषांना दोन स्वतंत्र शब्द दिले आहेत आणि रसायनशास्त्रही त्यांना वेगळेच मानते. सादळणे हे पाण्याच्या वाफेचे काम आहे, तर खवटपणा हे हवेतील ऑक्सिजनचे. अन्नाचे वेष्टन चांगले की वाईट हे ठरवताना या दोन शत्रूंचा विचार वेगवेगळा करावा लागतो. कारण एकाला रोखणारा पदार्थ दुसऱ्यासाठी सताड उघडे दार ठरू शकतो.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे वनस्पतींपासून तयार होणारे असे पातळ पापुद्रे, जे ऑक्सिजनला अडवतात. या विषयावर गेली कित्येक वर्षे स्वीडन, फिनलंड, जपान आदी देशांत संशोधन चालू आहे. त्याचा संबंध आपल्या शेतातील पऱ्हाटीशी, बचत गटाच्या चटणीच्या पाकिटाशी आणि रस्त्यावरचा कचरा वेचणाऱ्या भगिनींच्या रोजगाराशी कसा येतो, हे वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

१. ऑक्सिजन अन्नाचे काय करतो?

हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. आपल्या श्वासाला तो जितका आवश्यक, तितकाच साठवलेल्या अन्नाला अपायकारक. तेल आणि तूप यांच्या रेणूंमध्ये कार्बनच्या लांब साखळ्या असतात. त्यांतील काही जागी दुहेरी बंध असतात आणि त्या जागा दुबळ्या असतात. ऑक्सिजन तेथे चिकटतो, पेरॉक्साइड नावाची अस्थिर संयुगे तयार होतात आणि ती तुटली की उग्र वासाचे लहान रेणू बाहेर पडतात. हाच खवटपणा. एकदा सुरू झालेली ही क्रिया साखळीने पुढे जाते. उष्णता, उजेड आणि लोखंड-तांब्यासारख्या धातूंचा अंश तिला वेग देतो. जवसाच्या तेलात असे दुहेरी बंध विशेष असल्यामुळे जवसाची चटणी लवकर खवट होते. क जीवनसत्त्वाचा नाश, मसाल्याचा रंग फिका पडणे, दुधाच्या भुकटीला वास येणे यांमागेही बहुधा ऑक्सिजनच असतो.

आपल्या पूर्वजांना रेणूंची माहिती नव्हती, पण अनुभवाने त्यांनी उपाय शोधले होते. लोणच्यावर तेलाचा थर राहील एवढे तेल घालावे, बरणी काठोकाठ भरावी, तोंडाला दादरा बांधावा, ही रीत हवेचा संपर्क कमी करण्यासाठीच होती. चिनी मातीची किंवा काचेची बरणी स्वतः ऑक्सिजनला मुळीच आत येऊ देत नाही. मात्र ती जड असते, फुटते आणि दूरच्या बाजारात पाठवायला महाग पडते. म्हणून विसाव्या शतकात तिची जागा हलक्या, लवचीक पाकिटांनी घेतली.

२. आजच्या पाकिटात काय दडलेले असते?

वेफर्सचे चकाकणारे पाकीट एका पदार्थाचे बनलेले दिसते. वस्तुतः ते अनेक थरांचे असते. एक थर छपाई धारण करतो, एक उष्णतेने चिकटून पाकीट बंद करतो आणि मधला थर ऑक्सिजन अडवतो. हा मधला थर पुष्कळदा ॲल्युमिनियमचा असतो. काही पाकिटांत त्याऐवजी इथिलीन व्हिनाइल अल्कोहोल हे पेट्रोलियमपासून बनवलेले पॉलिमर वापरतात. पॉलिमर, म्हणजे मराठी विज्ञान परिभाषेतील बहुवारिक, हा एकाच प्रकारचे लहान घटक पुनःपुन्हा जोडून तयार झालेला लांब साखळीचा पदार्थ होय.

बाजारातील साधी पिशवी ज्या पॉलिथिलीनची असते, ते पाण्याला उत्तम अडवते. पण ऑक्सिजन त्यातून सहज जातो. सारख्या जाडीच्या दोन पापुद्र्यांची तुलना केली, तर पॉलिथिलीनमधून जाणारा ऑक्सिजन हा इथिलीन व्हिनाइल अल्कोहोलमधून जाणाऱ्या ऑक्सिजनच्या हजारो पट असतो. म्हणूनच साध्या पिशवीत बांधलेले शेंगदाण्याचे कूट सादळत नाही, पण खवट होते.

हे थर परस्परांना घट्ट चिकटलेले असतात आणि तीच पुढील अडचणीची मुळी आहे. वेगवेगळ्या जातींचे पदार्थ सुटे करता येत नसल्यामुळे असे पाकीट वितळवून पुन्हा वापरणे फार अवघड जाते.

३. रेणूंची गर्दी आणि ऑक्सिजनची वाट

पापुद्र्याला छिद्र नसतानाही वायू पलीकडे कसा जातो, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. ऑक्सिजनचा रेणू प्रथम पापुद्र्याच्या पृष्ठभागात विरघळतो, नंतर साखळ्यांमधील क्षणिक मोकळ्या जागांतून सरकत पुढे जातो आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडतो. पॉलिथिलीनच्या साखळ्यांमध्ये परस्पर आकर्षण थोडे असते आणि नेहमीच्या तापमानाला त्यांतील पुष्कळशा सतत हलत असतात. जत्रेतील सैल गर्दीतून एखादे चपळ मूल वाट काढत जाते, तसा ऑक्सिजन त्यांतून निसटतो.

वनस्पतींतील शर्करामय पॉलिमरांची गोष्ट निराळी आहे. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, पिष्ट ही सर्व शर्करेच्या घटकांची साखळी होय. प्रत्येक घटकावर ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे हायड्रॉक्सिल गट असतात. शेजारच्या साखळ्यांवरील हे गट एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. हातात हात गुंफून उभ्या राहिलेल्या माणसांच्या रांगांतून जसे कोणी सहज घुसू शकत नाही, तशी येथे ऑक्सिजनला वाट मिळत नाही. कोरड्या हवेत असा पापुद्रा उत्कृष्ट ऑक्सिजनरोधक ठरतो.

परंतु ज्या गटांमुळे ही एकजूट निर्माण होते, तेच गट पाण्यालाही प्रिय असतात. दमट हवेतील पाण्याचे रेणू आत शिरतात, साखळ्यांचे परस्परांतील हात सोडवून स्वतः ते हात धरतात आणि पापुद्रा फुगतो. साखळ्या सैल होतात आणि ऑक्सिजनला वाट मोकळी होते. पॉलिथिलीन पाणी अडवते व ऑक्सिजन सोडते. वनस्पतिजन्य पापुद्रा ऑक्सिजन अडवतो व पाण्यापुढे नमतो. या विषयातील पुढील सर्व खटपट या एका विरोधाभोवती फिरते.

४. सेलोफेनचा इतिहास

हा विरोध प्रथम सेलोफेनच्या निमित्ताने ठळकपणे पुढे आला. स्विस रसायनतज्ज्ञ जाक ब्रँडनबर्गर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत लाकडाच्या सेल्युलोजपासून पारदर्शक पापुद्रा बनवण्याची रीत आणि यंत्रे सिद्ध केली. सेल्युलोज आणि पारदर्शक या अर्थाचा फ्रेंच शब्द 'डायाफेन' यांच्या संयोगातून 'सेलोफेन' हे नाव आले. हा पापुद्रा हवा अडवत असे, परंतु पाण्याची वाफ अडवत नसे. १९२७ साली अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीचे संशोधक विल्यम हेल चार्च यांनी त्यावर नायट्रोसेल्युलोज आणि मेण यांचा अत्यंत पातळ लेप देण्याची युक्ती काढली. तेव्हापासून सेलोफेन मिठाई, बिस्किटे व अन्य खाद्यपदार्थांचे वेष्टन म्हणून जगभर पसरले. पुढे स्वस्त पॉलिप्रॉपिलीनने त्याला बाजूला सारले.

सेलोफेनपासून दोन धडे मिळतात. पहिला असा की एकट्या पापुद्र्याकडून सर्व कामांची अपेक्षा धरू नये. त्याला पाण्यापासून जपणारा सोबती द्यावा. दुसरा धडा अधिक गंभीर आहे. सेल्युलोज विरघळवण्यासाठी या पद्धतीत कार्बन डायसल्फाइड वापरले जाते. हे द्रव्य मज्जासंस्थेला घातक आहे आणि व्हिस्कोसच्या कारखान्यांतील कामगारांनी त्याची किंमत आपल्या आरोग्याने मोजली आहे. मूळ पदार्थ झाडाचा असला, तरी त्याची घडण निर्दोष असतेच असे नाही.

५. गोथेनबर्गचे संशोधन

या पार्श्वभूमीवर स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठातील कामाचे महत्त्व ध्यानात येते. तेथील पॉल गाटेनहोल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेल्युलोजऐवजी हेमिसेल्युलोजकडे लक्ष वळवले. लाकडात हेमिसेल्युलोजचे प्रमाण साधारण २० ते ३० टक्के असते. कागदाच्या कारखान्यात लगदा करताना त्याचा मोठा भाग काळ्या द्रावात जातो आणि जाळला जातो. पानगळी वृक्षांत आणि गवतवर्गीय पिकांत या हेमिसेल्युलोजचा मुख्य घटक झायलन हा असतो.

शुद्ध झायलनचा पापुद्रा वाळताना तडकतो. त्याच्या साखळ्या आखूड असतात आणि त्या परस्परांना फार घट्ट धरतात. म्हणून संशोधकांनी त्यात सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉल मिसळले. ही शर्करेपासून मिळणारी द्रव्ये मृदुकारकाचे काम करतात, म्हणजे साखळ्यांमध्ये शिरून त्यांना थोडी लवचीकता देतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, ॲस्पेन वृक्षाच्या झायलनमध्ये ३५ टक्के सॉर्बिटॉल घालून केलेल्या पापुद्र्याची ऑक्सिजनरोधकता इथिलीन व्हिनाइल अल्कोहोलच्या तोडीची निघाली. शिवाय हा पापुद्रा पाण्याच्या द्रावणातून घडवता येतो, त्यासाठी कार्बन डायसल्फाइडसारख्या विषारी द्रव्याची गरज पडत नाही. याच संशोधनातून झायलोफेन नावाची कंपनीही उभी राहिली.

जपानमध्ये टोकियो विद्यापीठातील अकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांनी दुसरा मार्ग काढला. त्यांनी सेल्युलोजचे तंतू रासायनिक क्रियेने सुटे करून अतिसूक्ष्म नॅनोतंतू मिळवले. २००९ मधील त्यांच्या गटाच्या प्रयोगात, मक्यासारख्या पिकापासून बनणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पापुद्र्यावर या तंतूंचा सुमारे ०.४ मायक्रोमीटर जाडीचा थर दिला गेला. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही तो पातळ होता. एवढ्याने ऑक्सिजनची गळती सुमारे ७५० पटींनी घटली. मात्र हे मोजमाप कोरड्या स्थितीतील होते. आर्द्रता वाढली की ही किमया ओसरते.

६. आपल्या शेतातील कच्चा माल

झायलनसाठी युरोपातील वृक्षच हवेत असे नाही. उसाचे चिपाड, गव्हाचा कोंडा, दाणे काढलेली मक्याची कणसे, कपाशीची पऱ्हाटी या सर्वांत ते विपुल असते. चिपाडाच्या कोरड्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा हेमिसेल्युलोजचा असतो.

तथापि चिपाडाला 'टाकाऊ' म्हणणे बरोबर होणार नाही. महाराष्ट्रातील साखर कारखाने त्यावर बाष्पके चालवतात आणि वीज निर्माण करतात. त्यातील हेमिसेल्युलोज काढून घेतले तर तेवढे इंधन दुसरीकडून आणावे लागेल. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील पऱ्हाटीची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती काही घरी सरपण म्हणून जळते, काही बांधावर पेटवली जाते. शेतात उभी राहिली तर तिच्यावरील वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून ती वेळेवर काढावी असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. तिला योग्य भाव मिळाला तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती चार पैसे अधिक येतील.

या दिशेने लागणारे ज्ञान आपल्याकडे अपरिचित नाही. मुंबईतील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून कापसावर काम करीत आली आहे. २०१५ साली तेथे नॅनोसेल्युलोज तयार करणारा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. विज्ञानाची वाट धरू इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी ही संस्था अवश्य पाहावी.

७. पाकिटाचा शेवट कोणाच्या हातात?

वेष्टनाचे आयुष्य अन्न संपताच संपत नाही. पाण्याची बाटली, पुठ्ठा, पत्रा यांना भंगारात भाव मिळतो. अनेक थरांच्या पाकिटाला जवळजवळ मिळत नाही. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. तिच्या सदस्यांत बहुसंख्य दलित समाजातील स्त्रिया आहेत. पुढे याच कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेसोबत घरोघरचा कचरा गोळा करू लागली. दिवसभर वाकून वर्गीकरण करणाऱ्या बाईच्या दृष्टीने चकाकणारे पाकीट म्हणजे उचलण्याचे श्रम आहेत, पण मोबदला नाही.

२०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत पुनर्चक्रण न होणारी बहुस्तरीय पाकिटे दोन वर्षांत बंद करण्याचे म्हटले होते. २०१८ च्या दुरुस्तीने या तरतुदीत बदल झाला: ज्यांतून ऊर्जाही मिळवता येत नाही आणि ज्यांचा अन्य उपयोगही नाही, अशा पाकिटांपुरती ती मर्यादित झाली. त्यामुळे बहुतेक पाकिटे बाजारात राहिली.

येथे वनस्पतिजन्य पापुद्र्याची खरी कसोटी लागते. त्याला दमटपणापासून जपण्यासाठी दोन्ही बाजूंनी पॉलिथिलीन चिकटवले, तर पुन्हा एक न सुटणारे बहुस्तरीय पाकीटच तयार होते. फक्त मधला थर झाडाचा असतो. त्यावर 'पर्यावरणस्नेही' असे छापले तरी कचरावेचक भगिनीच्या वाट्याला तेच ओझे येणार. उलट कागदावर झायलनचा पातळ थर दिला, तर तो थर पाण्यात मऊ होऊन कागदाच्या लगद्यासोबत जाऊ शकतो आणि कागदाची किंमत टिकते. बाहेरचे थरही कुजणारे असतील, तर ते कोठे कुजतील हेही पाहावे लागते. पॉलिलॅक्टिक आम्लाला कुजण्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सियस तापमानाचा औद्योगिक खतप्रकल्प लागतो; घरामागच्या खड्ड्यात ते दीर्घकाळ तसेच पडून राहते.

म्हणून सर्व पदार्थांना एकच वेष्टन, हा आग्रह सोडावा लागेल. जवळच्या बाजारात महिनाभरात खपणाऱ्या कोरड्या चटणीला लेप दिलेला कागद पुरेसा होऊ शकेल. ओलसर लोणच्याला काचेची बरणीच योग्य. ती धुऊन पुन्हा वापरता येते. दूर जाणाऱ्या, तेलकट आणि दीर्घकाळ टिकवायच्या पदार्थांसाठी बहुस्तरीय वेष्टन लागेल, पण त्याचे थर एकाच जातीचे किंवा सुटे होणारे असावेत. आणि वेष्टन कमी केल्यामुळे अन्नच खराब होत असेल, तर त्या अन्नामागची जमीन, पाणी आणि शेतमजुराचे श्रम वाया जातात, हेही विसरता कामा नये.

८. शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

पाणी आणि मृदुकारक यांचा परिणाम विद्यार्थ्यांना स्वतः पाहता येईल. एक मोठा चमचा मक्याचे पीठ (कॉर्नफ्लोअर), सुमारे ८० मिलिलिटर पाणी, एक लहान चमचा व्हिनेगर आणि एक लहान चमचा ग्लिसरीन एकत्र करावे. शिक्षकांच्या देखरेखीखाली मंद आचेवर ढवळत राहावे. मिश्रण दाट आणि अर्धपारदर्शक झाले की ताटलीत पातळ पसरावे व दोन दिवस सावलीत वाळू द्यावे. दुसरा पापुद्रा ग्लिसरीन न घालता करावा. तो वाळताना तडकेल आणि सॉर्बिटॉलची गरज का पडली ते न सांगता समजेल.

नंतर ग्लिसरीनच्या पापुद्र्याचे दोन तुकडे करावेत. एक तुकडा भाजून गार केलेल्या तांदळासह बंद बरणीत ठेवावा. दुसरा ओल्या कापसाचा बोळा ठेवलेल्या बरणीत, पाण्याचा स्पर्श होणार नाही असा टांगावा. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातात घेऊन पाहावेत. पहिला ताठ राहिलेला आणि दुसरा लिबलिबीत झालेला आढळेल. पावसाळ्यात हाच प्रयोग उघड्यावर केला, तर कोकणातील आणि सोलापूरकडील विद्यार्थ्यांची निरीक्षणे वेगळी येतील. त्यांनी ती एकमेकांना कळवावीत.

समारोप

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी शेती करीत असेल, कोणाच्या घरी बचत गटाचे पापड-मसाले होत असतील, कोणी नगरपालिकेत, कोणी प्रयोगशाळेत असेल. या प्रत्येकाचा या विषयाशी कोठे ना कोठे संबंध येतो. नव्या वेष्टनाची जाहिरात समोर आली की तीन प्रश्न विचारावेत: ते कोणत्या अन्नाला आणि किती दिवस जपणार आहे? त्याचा कच्चा माल आज कोणाच्या चुलीत किंवा गोठ्यात जातो? आणि वापर झाल्यावर ते ज्या हातात जाईल, त्या हाताला त्याचा मोबदला मिळेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळा देईल, दुसऱ्याचे शेतकरी देईल. तिसऱ्याचे उत्तर कचरा वेचणाऱ्या बाईला ठाऊक आहे. वेष्टनाचा आराखडा ठरतो त्या टेबलाशी तिलाही बसवले, तर ते वेळेवर ऐकू येईल.